वाडीचें पाणी

दक्षिण महाराष्ट्रांत ‘वाडीस जाऊन येतों’ असें कोणी म्हणाला, तर ‘कोणत्या वाडीस?’ असें त्यास कोणी विचारीत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत कृष्णा व पंचगंगा ह्यांच्या संगमावर वसलेली नृसिंहवाडी, लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी, हीच ती वाडी. श्रीनृसिंहसरस्वतींनीं येथें बारा वर्षें वास्तव्य केलें व पुढें ते गाणगापुरास गेले, अशी परंपरा आहे. मागें राहिल्या त्या मनोहर पादुका. येथील औदुंबर, घाटाच्या पायऱ्या, पहांटेची काकड आरती, पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी आणि कृष्णाकांठचीं वांगीं ह्यांचें वर्णन आजवर अनेकांनीं केलें आहे, आणि वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें सर्व स्वतः अनुभविलेंहि असेल. परंतु यात्रेकरू वाडीस येतो तो बहुधा गुरुद्वादशीला, दत्तजयंतीला किंवा एखाद्या पौर्णिमेला. दोन दिवस राहतो आणि प्रसादाचा पुडा घेऊन परततो. आषाढ-श्रावणांत नदी घाट सोडून गांवांत शिरूं लागते, तेव्हां वाडीकर काय करतात हें त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. माझी थोरली बहीण त्या गांवीं दिलेली असल्यामुळें मला तें जवळून पाहावयास मिळालें.

वाडीच्या माणसाला पूर म्हणजे अरिष्ट असें म्हटलें, तर तें अर्धेंच सत्य होईल. देऊळ नदीच्या अगदीं कांठाशीं आहे. पावसाळ्यांत कृष्णा पायऱ्या चढत चढत देवळाशीं येते, उत्तरेकडील द्वारानें आंत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील द्वारानें बाहेर पडते. त्या दक्षिणद्वारीं पादुकांवरून आलेल्या पाण्यांत स्नान करणें ह्यासारखें पुण्य नाहीं, अशी श्रद्धा आहे. पाणी चढतांना होतो तो चढता दक्षिणद्वार सोहळा आणि ओसरतांना होतो तो उतरता. ‘दक्षिणद्वार झालें’ ही वार्ता पसरतांच सांगली, मिरज, इचलकरंजी इकडून माणसें धांवत येतात. पाणी आणखी वर आलें कीं उत्सवमूर्ति नारायणस्वामींच्या मंदिरांत हलवितात आणि पूजा तेथें चालते. पूजेंत खंड नाहीं; स्थान मात्र पाण्याच्या मर्जीप्रमाणें बदलतें. ज्या गांवांत नदी देवाला स्नान घालावयास येते आणि देवहि तिला जागा मोकळी करून देतो, त्या गांवांतील माणसास ‘पूर येणार, बाहेर पडा’ असें सांगणें किती कठीण आहे, ह्याची कल्पना जिल्ह्याच्या ठिकाणीं बसून हुकूम काढणाऱ्यास सहसा येत नाहीं.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते. कोयना तिला कऱ्हाडास मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपुरास. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ह्यांचें पाणी घेऊन कोल्हापुरावरून येते. ह्या सर्व नद्या सह्याद्रीच्या मुसळधार पावसाच्या लेकी. शिरोळ तालुका मात्र पूर्वेकडील, बेताच्या पावसाचा. त्यामुळें असा चमत्कार होतो कीं, वाडीस स्वच्छ ऊन पडलें आहे, दोरीवर वाळत घातलेलीं लुगडीं तासाभरांत खडखडीत झालीं आहेत, आणि त्याच वेळीं नदी घटकेघटकेला पायरी चढत आहे! पुराचा पाऊस कोठें तरी दूर डोंगरांत आधींच पडून गेलेला असतो. शिवाय येथून पुढें भूमीला उतार फार थोडा. कृष्णा तुडुंब झाली कीं पंचगंगेला तिच्यांत शिरावयास वाट उरत नाहीं. ती मागें फुगते आणि उसाच्या मळ्यांवर पसरते. दोन नद्यांच्या पाचरींत वाडी बसलेली असल्यानें तिला दोहोंकडून पाणी. पुढें कर्नाटकांत अलमट्टीचें धरण आहे. त्याच्या फुगवट्याविषयींचा दोन राज्यांतील वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि तो मिटविण्याचा अधिकार माझा नव्हे. नदीच्या निळ्या व लाल पूररेषा नकाशावर आंखल्या जाऊनहि त्यांच्या आंत घरें आणि मंगल कार्यालयें उभीं राहतात, एवढें मात्र कोणासहि दिसण्यासारखें आहे.

तेव्हां वाडीला इशारा मिळतो तो आकाशाकडून नव्हे, आंकड्यांकडून. सांगलीस कृष्णेवर १९२९ सालीं झालेला आयर्विन पूल आहे. त्याच्यापाशीं पाणी ४० फुटांवर गेलें म्हणजे इशारा, ४५ फुटांवर गेलें म्हणजे धोका. पंचगंगेवर कोल्हापूरजवळ राजाराम बंधारा आहे. तेथें हेच आंकडे ३९ आणि ४३. कोयनेचें धरण १०५ अब्ज घनफुटांचें. त्याचे दरवाजे किती फूट उचलले ह्याची चौकशी वाडींत चहाच्या आधीं होते. शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या राधानगरी धरणाचे दरवाजे तर स्वयंचलित. धरण भरलें कीं ते आपोआप उघडतात, कोणाची आज्ञा लागत नाहीं. हे सर्व आंकडे वाडींतील दहा वर्षांच्या पोरास पाढ्यांपेक्षां अधिक चोख येतात, हें एक शिक्षक म्हणून मी खेदानें नमूद करतों.

माझ्या बहिणीचें घर (आम्ही भावंडें तिला आक्का म्हणतों) देवळापासून फार दूर नाहीं. जुनें दुपाखी घर, खालीं दगडी जोतें, भिंती विटांच्या व चुन्याच्या, पुढें ओसरी, मागें परसू आणि गोठा. घरांत भाऊजी, म्हणजे आक्काचे यजमान, ऐंशीच्या घरांत आलेले. भाचा, त्याचें देवळाच्या वाटेवर पेढ्यांचें दुकान. भाचेसून, आणि त्यांचीं दोन मुलें.

भाऊजींना आळींत एक विशेष मान होता. त्यांच्या वडिलांपासून माजघराच्या मधल्या खांबावर पुराच्या खुणा होत आल्या होत्या: गेरूची आडवी रेघ आणि शेजारीं साल. पाणी चढूं लागलें कीं आळींतलीं माणसें येऊन ‘काका, यंदा कुठवर?’ असें विचारीत. भाऊजी घाटावर जाऊन येत. पाण्याचा रंग, फेस, वाहून येणारा काडीकचरा पाहत. आणि ‘पायरीशीं थांबेल’, ‘ओसरी ओली करून जाईल’ असें सांगत. तें बहुधा खरें होई. २००५ सालीं मात्र पाणी सर्व खुणा ओलांडून माजघरांत पुरुषभर आलें. सांगलीच्या पुलापाशीं तें त्या वर्षीं ५४ फुटांच्या आसपास गेलें होतें. एवढें पाणी भाऊजींनीं पाहिलें नव्हतें कीं वडिलांकडून ऐकलें नव्हतें. पूर ओसरल्यावर त्यांनीं खांबावर नवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक हात सोडून घरभर शिसवी फळ्यांचा माळा घालून घेतला.

त्या माळ्यानें घर निर्धास्त झालें. इशारा झाला कीं तासाभरांत सारा संसार वर चढे: तांदूळ-डाळींचे डबे, गाद्या, आक्काच्या लग्नांतलीं भांडीं, आणि भाऊजींच्या आजोबांनीं बोरूनें लिहिलेल्या संहितेच्या पोथ्या, लाल रुमालांत बांधलेल्या. मग दाराला कुलूप लावून मंडळी शेजारच्या पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चार दिवस राहत, आणि पाणी गेलें कीं खालीं उतरून अंगण धूत. पुराची अशी सवय झाली कीं तिला पुढें विद्येचा मान मिळूं लागतो. भाऊजींची ती विद्या खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. ती साठ वर्षें उपयोगीं पडलेली विद्या होती. तिचें मोजमाप मात्र मागच्या पाण्याचें होतें.

२०१९ सालीं नागपंचमी श्रावणी सोमवारीं आली होती, ऑगस्टच्या ५ तारखेस. नदीकांठच्या लोकांनीं जनावरांसह बाहेर पडावें असें ग्रामपंचायतीचा भोंगा सांगत होता. आळींतलीं माणसें नेहमीप्रमाणें भाऊजींकडे आलीं. भाऊजींनीं रेघेकडे बोट दाखविलें. ‘पांच सालाच्या वर जायचें नाहीं. आणि गेलेंच, तर एक हात सोडलेला आहे.’ माणसें घरोघर परतलीं आणि आपापलें सामान वर चढवूं लागलीं. पुढच्या दोन दिवसांत पाणी रेघेवरून माळ्यावर आलें. सांगलीस तें अखेर साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलें, म्हणजे २००५ च्याहि वर सुमारें साडेतीन फूट.

तोंपर्यंत शिरोळचा रस्ता बुडाला होता. आक्का, भाऊजी आणि मुलें शेजारच्या गच्चीवर दोन रात्री पावसांत बसलीं. गोठ्यांत तेव्हां एक म्हैस होती. तिचें दावें भाच्यानें विळ्यानें कापलें. ती अंधारांत पोहत गेली, ती पुन्हां दिसली नाहीं. पुढें आपत्तिनिवारण दलाची नाव आली आणि मंडळी सुटली. नावेंत जागा मिळाली म्हणजे जीव वांचला असेंहि नव्हतें. त्याच आठवड्यांत, ८ ऑगस्टला, वरच्या अंगास येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळ गांवीं पुरांतून बाहेर पडणाऱ्यांनीं भरलेली नाव उलटली आणि अनेक माणसें बुडालीं. त्यांत बायका होत्या, लेंकरें होतीं.

पाणी ओसरल्यावर माळा उघडून पाहिला, तेव्हां गाद्या कुजल्या होत्या, धान्याला मोड येऊन तें आंबलें होतें. तें चाललें असतें. पोथ्यांचा लगदा झाला होता. रुमालाचा लाल रंग पानापानांत उतरला होता आणि अक्षर एकहि उरलें नव्हतें. भाऊजी त्या दिवशीं जेवले नाहींत. आळींतील कोणींहि त्यांना शब्दानें दोष दिला नाहीं, हें आक्कानें मला मुद्दाम सांगितलें. आणि तेंच त्यांना अधिक लागलें, हेंहि तिनेंच सांगितलें.

हें सर्व मीं ऐकलेलें. स्वतः पाहिलें तें २०२१ चें पाणी. महामारीचा काळ होता. देवळें दर्शनास बंद, दुकानें बंद. इतकी मुकी वाडी मीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. २० जुलैला आषाढी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशीं द्वादशीचें पारणें आटोपून आम्ही ओसरीवर बसलों होतों. बाहेर नुसती भुरभुर. भाचेसून मोबाईलवर आंकडे पाहून ते दिनदर्शिकेच्या पाठीमागें पेन्सिलीनें उतरवीत होती. मागच्या पुरापासून तिनें हा परिपाठ ठेविला होता: सकाळ, दुपार, संध्याकाळ, राजाराम, आयर्विन, कोयना, राधानगरी. मीं सहज विचारलें, ‘काय म्हणतात आंकडे? घराला धोका आहे का?’

‘मामा, घर केव्हां बुडेल ह्याचा हिशेब मी करीतच नाहीं,’ ती म्हणाली. ‘शिरोळचा रस्ता केव्हां बुडेल त्याचा करतें. घर बुडायच्या कितीतरी आधीं रस्ता बुडतो. मग घर बुडो कीं न बुडो, आपण अडकलेलींच.’

मीं आजवर पुराविषयीं पुष्कळ वाचलें आहे. परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतकें उपयोगाचें कोठें वाचलेलें मला स्मरत नाहीं. भाऊजी ओसरीच्या कडेला बसून ऐकत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

२२ तारखेस सकाळीं चिपळूण पाण्याखालीं गेल्याची बातमी आली. महाबळेश्वरास तर त्या एका दिवस-रात्रींत साडेपांचशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. दुपारीं भोंगा सुरू झाला. आणि संध्याकाळच्या सुमारास, मला वाटलेंच होतें, आळींतलीं पांचसात माणसें तोंडाला फडकीं बांधून अंगणांत येऊन उभीं राहिलीं. ‘काका, यंदा कुठवर?’

भाऊजी उठून माजघराच्या दारापर्यंत गेले. खांबावरची २०१९ ची रेघ त्यांनीं ओढलेली नव्हती. ती भाच्यानें शिडीवर चढून ओढली होती. तिच्याकडे त्यांनीं पाहिलें, मग मागें वळून म्हणाले, ‘मला ठाऊक नाहीं.’ माणसांना वाटलें, त्यांना प्रश्न ऐकूं गेला नसावा. म्हातारपणीं ऐकूं कमी येतें. एकानें पुन्हां विचारलें. तेव्हां भाऊजी मोठ्यानें म्हणाले, ‘अरे, मला ठाऊक नाहीं. उद्यां सकाळीं मी निघतों आहें.’

भोंग्यानें दिवसभर ओरडून जें झालें नव्हतें, तें ह्या तीन शब्दांनीं झालें. अर्ध्या तासाच्या आंत आळींत कोणाचा ट्रॅक्टर रिकामा आहे ह्याची चौकशी सुरू झाली.

रात्रीं घर उठविण्याचें काम चाललें. मीं पाहिलें कीं ह्या वेळीं वर चढविण्यासारखें फारसें नव्हतेंच. वर्षाची बेगमी भाचेसुनेनें उन्हाळ्यांतच जयसिंगपुरास एका आप्तांकडे ठेविली होती. वाडीस महिन्यापुरतेंच धान्य. भरलेली कोठी ही जिच्या दृष्टीनें घराची शोभा, त्या आक्काला हें दोन वर्षें टोंचत होतें. पितळेचे हंडे आणि घागरी भाच्यानें पाण्यानें कांठोकांठ भरून जमिनीवरच मांडून ठेविल्या. रिकामें भांडें तरंगतें आणि रात्रभर भिंतींना धडका देतें. भरलेलें जेथल्या तेथें बसून राहतें. गॅसची टाकी साखळीनें खिडकीच्या गजाला बांधली, कारण तीहि तरंगते. मागच्या वेळीं ती तिसऱ्या घराच्या परसांत सांपडली होती. विजेचा मुख्य खटका बंद केला. सातबाऱ्याचे उतारे, शिधापत्रिका, मुलांचे दाखले आणि भाऊजींचीं औषधें हें सर्व एका प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून ती भाचेसुनेनें स्वतःच्या खांद्याला अडकविली आणि झोंपतांनाहि काढली नाहीं.

सर्वांत जड गेली ती दारांची गोष्ट. भाच्याचें म्हणणें, पुढचें आणि मागचें दार सताड उघडून दोरीनें बांधून टाकावें, म्हणजे पाणी आरपार जाईल आणि भिंतींवर भार येणार नाहीं. शिवाय लांकूड फुगून दारें अडकणार नाहींत. आक्काला हें ऐकवेना. ‘साठ वर्षें ह्या घराला मी कुलूप लावून गेलें आहें. दारें उघडीं टाकून माणसें केव्हां जातात रे?’ ती मला म्हणाली. मला उत्तर सुचलें नाहीं. दुसरें, तिच्या लोणच्याच्या चार बरण्या. त्यांपैकीं एक घेण्याची परवानगी मिळाली. आणि मग तिनें आपली खरी अडचण सांगितली.

‘उद्यां पौर्णिमा लागते. गुरुपौर्णिमा. वर्षभर माणसें जिथें यायला धडपडतात, तिथून आपण त्याच दिवशीं उठून जायचें? तुम्ही जा. मी गच्चीवर बसेन.’

भाचेसून गप्प राहिली. सासूच्या अशा बोलण्याला सुनेनें उत्तर देण्याची त्या घरांत रीत नाहीं. भाऊजी नुसते ‘अगं, ऐक,’ म्हणाले आणि थांबले. आधींच्या पुराच्या वेळीं त्यांनीं ठेवून घेतलें होतें. आतां चल म्हणावयास त्यांना तोंड नव्हतें असें मला दिसलें. इतक्यांत भाचा देवळाकडून आला. त्याचे पाय मांड्यांपर्यंत चिखलानें माखलेले. तो ओसरीच्या खालूनच म्हणाला, ‘आई, महाराज वर गेले.’

उत्सवमूर्ति हलली होती. आक्का थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, हातपाय धुतले, देव्हाऱ्यांतील देव एकेक करून पुसले आणि संपुष्टांत ठेविले: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण, आणि पादुकांचा लहान टाक. रात्रभर तो संपुष्ट तिच्या उशाशीं होता.

सकाळीं ट्रॅक्टर आला. प्रथम जनावर, मग म्हातारीं माणसें, मग मुलें, सामान उरल्या जागेंत, असा क्रम भाचेसुनेनें लावून दिला होता. परंतु गाय फळीवर पाय ठेवीना. दोघे ओढीत होते, एक मागून ढकलीत होता, गाय चारी पाय रोवून उभी. अखेर शेजारच्या गवळ्यानें वासरूं उचलून आधीं वर ठेविलें. वासरूं हंबरलें, आणि गाय आपोआप चढली! पाऊण तासाचा खोळंबा त्यानें क्षणांत संपविला, आणि ‘हें आधीं विचारायचें नाहीं का?’ असा आमच्याकडे पाहून तो निघून गेला.

वाडी ते शिरोळ हा रस्ता एरवीं यात्रेकरूला कंटाळवाणा वाटतो. दोहों बाजूंस ऊस आणि ऊस. त्या दिवशीं उसाचे नुसते शेंडे दिसत होते. रस्ता म्हणजे दोन पाण्यांमधला बांध झाला होता, आणि त्यावरून ट्रॅक्टर, दुचाक्या, डोक्यावर गांठोडें घेतलेलीं माणसें आणि दावीं सुटलेलीं जनावरें ह्यांची एकच रांग. पाण्यांतून बाहेर पडलेले साप रस्त्याच्या कडेनें निमूट जात होते, त्यांना कोणी मारीत नव्हतें. एका सखल जागीं पाणी रस्त्यावर आलेंच होतें, चाकांच्या तुंब्यापर्यंत. चालकानें वेग कमी केला नाहीं कीं वाढविला नाहीं. पलीकडे गेल्यावर भाचेसुनेनें घड्याळ पाहिलें आणि पिशवींतून दिनदर्शिका काढून वेळ टिपून ठेविली.

जयसिंगपूर हें शाहू महाराजांनीं वसविलेलें, आपल्या पित्याचें नांव दिलेलें, उंचावरील गांव. तेथें एका शाळेंत आमची सोय झाली. वर्ग इयत्ता दुसरीचा. महामारीनें लहान मुलांच्या शाळा बंद पडल्या त्या पडल्याच होत्या. फळ्यावर कोण्या बाईंच्या वळणदार अक्षरांत मार्च २०२० मधील एक तारीख, वार आणि खालीं ‘पाठ वाचा’ एवढें तसेंच होतें. सोळा महिने तें कोणीं पुसलें नव्हतें. आमच्याखेरीज त्या वर्गांत आणखी दोन कुटुंबें होतीं, एक नावाड्याचें आणि एक देवळापाशीं फुलें विकणाऱ्या बाईचें. सोंवळ्याओंवळ्याचें कसें होणार ही चिंता मला होती, आक्काला नव्हती. पहिल्याच संध्याकाळीं तिनें फुलवालीच्या हातचा चहा घेतला आणि विषय संपला. पौर्णिमेची पूजा तिनें मुलांच्या एका बुटक्या बांकावर मांडली. पाणी नळाचें, फुलें नाहींत. फुलें विकणारी शेजारीं बसलेली, पण तिच्याजवळहि नाहींत. त्यावर त्या दोघी हंसल्या. लोणच्याची बरणी तिसऱ्या दिवशीं रिकामी झाली.

२५ तारखेला सांगलीस पाणी ५५ फुटांच्या आसपास पोंचलें, म्हणजे २००५ च्या वर. भाचेसुनेनें तो आंकडा वाचला तेव्हां भाऊजी भिंतीला टेंकून बसले होते. ‘म्हणजे माळ्याला लागलें,’ एवढेंच ते म्हणाले. नातू शेजारीं होता. तो म्हणाला, ‘लागूं दे, आजोबा. वर कांहीं नाहींच आहे.’

दहा दिवसांनीं आम्ही परतलों. पुराच्या गाळाचा वास ज्यानें घेतला नाहीं त्याला तो सांगून समजणार नाहीं. उसाचा कुजलेला पाला, मेलेलें मासळ, तेल आणि ओली भिंत ह्यांचें तें मिश्रण असतें. गाळ ओला असतांनाच काढावा लागतो, वाळला कीं चुन्यासारखा धरतो. म्हणून कोणी बसलें नाहीं, खराटे आणि घमेलीं घेऊन सर्व लागले. हंडे-घागरी जेथल्या तेथें होत्या, आंत गाळाची साय. टाकी साखळीला लटकलेली. दारें नीट लागलीं. चोरीला कांहींहि गेलें नव्हतें. चोरण्यासारखें ठेविलेंच नव्हतें, आणि चोरहि पुरांतच असणार. तीन बरण्यांपैकीं दोन फुटल्या होत्या. परसांतील वांग्यांचा वाफा गाळाखालीं गेला होता. तो पुन्हां लावतां येतो, आणि गाळांत वांगें चांगलें येतें असें आक्काचें मत आहे.

मुलांनीं खांब धुतला तेव्हां पाण्याची ताजी कड दिसली: २००५ च्या वर, २०१९ च्या खालीं, माळ्याच्या फळीला बरोबर ओलांडून. भाच्यानें गेरू कालविला आणि काडी भाऊजींच्या हातीं दिली. त्यांनीं स्टुलावर चढून ती रेघ स्वतः ओढली, साल घातलें, आणि खालीं उतरून म्हणाले, ‘सुताराला बोलाव.’

त्याच आठवड्यांत माळा काढला. फळ्या शिसवी होत्या, पाण्यांत राहूनहि वांकल्या नव्हत्या. त्यांतून गोठ्याला एक रुंद दार झालें, बाहेरच्या बाजूस उघडणारें, आणि ट्रॅक्टरवर जनावर चढविण्यासाठीं एक लांब उतरती फळी.